जुनी ऑफ-रोडर सकाळी मागून बसते? कॉम्प्रेसर बदलण्याआधी हे तपासा

रात्री बिल्डिंगखाली नीट उभी केलेली गाडी सकाळी मागून खाली बसलेली दिसते. टायरमध्ये हवा आहे, कुठे काही तुटलेलं नाही. गाडी सुरू केली की खालून घरघर ऐकू येते आणि थोड्या वेळात मागचा भाग पुन्हा वर येतो. "चालतंय की!" म्हणून आपण निघतो. खर्च वाढायला सुरुवात होते ती इथूनच.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर ही कंपनी घेतली आणि २००९ पासून भारतात डिस्कव्हरी ३ सारख्या गाड्या अधिकृतपणे विकायला सुरुवात केली. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. पनवेलहून एक रस्ता बोरघाटात चढतो, दुसरा थेट गोव्याकडे जातो. अशा ठिकाणी राहणाऱ्याला जुन्या दणकट गाडीचा मोह होणारच. पण तिचं एअर सस्पेन्शन समजून घेतलं नाही, तर एकाच दुखण्यावर दोनदा पैसे जाऊ शकतात.

एअर सस्पेन्शन म्हणजे काय?

एक्सप्रेसवेवरच्या शिवनेरीत बसला असाल, तर तुम्ही ते अनुभवलं आहे. लोखंडी पाटे किंवा स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले जाड रबरी फुगे असतात. गॅरेजमध्ये त्यांना बलून म्हणतात. डिस्कव्हरी ३ मध्ये चारही चाकांना बलून असतात, तर जुन्या डिस्कव्हरी २ मध्ये आणि लँड क्रूझर प्राडोच्या काही मॉडेलमध्ये फक्त मागे.

या यंत्रणेचे मुख्य भाग पाच: बलून, बारीक प्लास्टिकच्या नळ्या, हवा सोडणारे-अडवणारे व्हॉल्व्ह, हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि गाडी किती उंचीवर आहे हे संगणकाला कळवणारे सेन्सर. बिघाड यापैकी कुठेही असू शकतो.

मरतो कॉम्प्रेसर, मारते गळती

बलूनमधून थोडी थोडी हवा जात असेल, तर ती भरून काढायला कॉम्प्रेसर वारंवार चालतो, तापतो आणि झिजतो.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कॉम्प्रेसरला जोडून ड्रायर असतो. त्यातले दाणे आत येणाऱ्या हवेतली ओल शोषतात. गाडी खाली घेताना कोरडी हवा याच ड्रायरमधून बाहेर जाते आणि दाण्यांतली ओल सोबत घेऊन जाते. पण गळतीची हवा परस्पर बाहेर पडते, त्यामुळे ड्रायर कोरडा व्हायला वावच राहत नाही. त्यात कोकणपट्टीचा पावसाळा! ओल पुढे सरकते आणि व्हॉल्व्हही बिघडवते.

म्हणून गळती न शोधता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जाऊ शकतो.

टेप घ्या आणि एक रात्र थांबा

१. गाडी सपाट जागी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

२. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही गाड्यांचा संगणक उभ्या गाडीतही अधूनमधून जागा होतो आणि एक कोपरा खाली गेला असेल, तर बाकीचे कोपरेही त्याच्या पातळीला आणतो. मग दोष एकाचा आणि बसलेली दिसते सगळी गाडी. ही चाचणी करताना सस्पेन्शनचा फ्यूज रात्रभर काढून ठेवला, तर खरा दोषी कोपरा उघडा पडतो.

आकडे काय सांगतात?

- मागचा एकच कोपरा खाली: त्या बाजूचा बलून, नळी किंवा नळीचा जोड.
- मागचे दोन्ही कोपरे सारखेच खाली: मागचा व्हॉल्व्ह ब्लॉक तपासा. दोन्ही बलून एकाच वयाचे असल्याने दोन्ही एकदम थकलेलेही असू शकतात.
- रात्रभर उंची तशीच, पण गाडी वर उचलत नाही: गळती नाही. कॉम्प्रेसर, त्याचा रिले किंवा फ्यूज पाहा.
- गाडी सुरू असतानाही एक बाजू वाकडी: उंचीचा सेन्सर किंवा त्याची दांडी. स्कॅनरवर दिसणारी उंची आणि टेपवरची उंची ताडून पाहा.
- चावी काढल्यावरही घरघर सुरूच: रिले चिकटला असण्याची शक्यता मोठी. बॅटरी उतरेल आणि कॉम्प्रेसरही जळेल.

पंक्चरवाल्याची युक्ती

संशयित कोपरा कळला की स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या. बलूनची घडी जिथे पडते ती जागा, नळीचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक यांवर फवारा. बुडबुडे येतील तिथे गळती. रबराला तडे बहुधा घडीवरच पडतात, त्यामुळे एका उंचीला गळणारा बलून दुसऱ्या उंचीला ठीक वाटू शकतो. गाडी वर आणि खाली, दोन्ही स्थितींत तपासा. चिखलातून फिरून आल्यावर गाडी वरच्या उंचीला घेऊन या घड्या पाण्याने धुवा, कारण अडकलेली रेती रबर कापते.

गाडीखाली जाऊ नका!

हवेवर उभी असलेली गाडी कोणत्याही क्षणी खाली येऊ शकते. जोड सैल केला किंवा संगणकाने हवा सोडली, तर बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. चासीखाली भक्कम जॅक स्टँड लावल्याशिवाय हात किंवा डोकं आत घालू नका. नुसत्या जॅकवर विसंबू नका. मागून पूर्ण बसलेली गाडी घाटातही नेऊ नका.

स्प्रिंग टाकून मोकळं व्हावं का?

हवेची यंत्रणा काढून लोखंडी स्प्रिंग बसवण्याचा सल्ला मिळेलच. पण मग खडकाळ वाटेवर गाडी वर उचलण्याची सोय जाते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. आधी आरटीओत विचारा.

सेकंडहँड गाडी घेणार असाल, तर विक्रेत्याकडे एकच मागणी करा: "गाडी रात्रभर उभी राहू दे, मी सकाळी येऊन सुरू करायच्या आधी मोजतो." तो टाळाटाळ करू लागला, तर पुढची गाडी बघा.