मुलांची मोटार, कारागिरांची रोजी

माळेगावच्या यात्रेत किंवा शहरातील बागेत बॅटरीवर चालणारी छोटी मोटार दिसली, की मुले आईबापांचा हात सोडून तिकडे धावतात. या गाड्या बहुधा प्लास्टिकच्या असतात. जुन्या रेसच्या मोटारीसारखी पत्र्याची मजबूत गाडी आपले मिस्त्री करू शकतील का? आमच्या मते करू शकतील.

या धंद्याचे एक जुने उदाहरण फ्रान्समधील एका बापाच्या हौसेचे आहे. मोटारींचे कारखानदार एत्तोरे बुगाटी यांनी १९२६ च्या सुमारास लहानग्या रोलांसाठी आपल्या नामांकित रेसच्या मोटारीची निम्म्या आकाराची, बॅटरीवर चालणारी गाडी केली. गिऱ्हाइकांनी तिची मागणी केली आणि १९२७ ते १९३६ या काळात अशा सुमारे ५०० गाड्या तयार झाल्या. अर्थात ती श्रीमंतांची चैन होती.

आपल्या कामाचे उदाहरण ब्रिटनमधील वेल्सचे आहे. तेथे कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले खाणकामगार बेकार झाले होते. त्यांच्यासाठी ऑस्टिन कंपनीने १९४९ मध्ये बारगोड येथे कारखाना काढला. मोठ्या मोटारींतून उरलेल्या पत्र्यापासून हे कामगार पेडलच्या मोटारी बनवू लागले. पहिली गाडी जुन्या रेसच्या ऑस्टिनवरून घेतलेली होती. पुढे आलेल्या ‘जे-४०’ गाडीला दिवे, हॉर्न आणि उघडणारे बॉनेटही होते. १९७१ पर्यंत अशा ३२ हजारांवर गाड्या बाहेर पडल्या.

उरलेला पत्रा आणि कसबी हात, एवढेच भांडवल! पत्रा ठोकणारा, वेल्डर, पेंटर आणि सीट शिवणारा, हे चारही कारागीर नांदेड-लातूरच्या आपल्या मोहल्ल्यांत आहेत. मात्र प्रत्येकजण एकटा गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. चौघांनी व्याजाच्या कर्जाऐवजी नफ्या-तोट्याच्या भागीदारीत एक गाडी करून पाहावी.

किमतीत प्लास्टिकशी स्पर्धा जमणार नाही. पत्र्याची गाडी जड असते, ती गंजतेही. पण प्लास्टिक तडकले की बहुधा फेकावे लागते, पत्रा मात्र ठोकून सरळ होतो. म्हणून यात्रेत व बागेत भाड्याने गाड्या फिरवणाऱ्यांकडे आधी जावे.

एक खबरदारी घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तेव्हा धंदा म्हणून गाड्या करण्याआधी परवान्याची चौकशी करावी. हा खर्च एकट्याला जड जाईल, तेथेही भागीदारीच कामी येईल. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या, साखळी झाकलेली आणि रंग शिसे नसलेला हवा.

हजरत दाऊद (अलै.) यांना लोखंडाची चिलखते करताना कड्यांचे माप नीट राखण्याची शिकवण मिळाली होती. ज्या गाडीत कोणाचे तरी लेकरू बसणार आहे, तिचे माप आपण किती जपायला हवे!