अडवणाऱ्याचं अप्रेझल

पॉइंट काढणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण समोरच्याला पॉइंट काढूच न देणाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याच्यासाठी खास अवॉर्ड आहे. आणि ते कोण देतं, हे तर फारच इंटरेस्टिंग आहे!

मार्च महिना. समोर अप्रेझलचा फॉर्म. 'या वर्षातील तुमची कामगिरी' असा रकाना. सेल्सवाला फटाफट आकडे भरून मोकळा होतो. आणि टेस्टिंगवाला? किंवा सर्व्हर बंद पडू नये म्हणून रात्र रात्र जागणारा? त्याने काय लिहायचं? 'वर्षभर काहीच बिघडलं नाही'? बॉस हसेल ना राव!

नेमकं याच महिन्यात अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा सीझन टिपेला पोहोचलेला असतो. तिथली कॉलेजं वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये विभागलेली असतात. सीझन संपत आला की प्रत्येक कॉन्फरन्स आपापली बक्षिसं जाहीर करते. १९७९ मध्ये सुरू झालेली 'बिग ईस्ट' ही त्यातली एक बडी कॉन्फरन्स. तिचं 'डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर' हे बक्षीस आपल्या टेस्टिंगवाल्याच्या एकदम मनातलं आहे.

मोजायचं कसं?

आपल्या कबड्डीत बरं असतं. रेडरची पकड केली की पॉइंट मिळतो. बास्केटबॉलमध्ये समोरच्याचा शॉट हवेतल्या हवेत अडवला, तरी बोर्डवर तुमच्या नावावर शून्यच. आणि त्याला असं घेरलं, की बिचाऱ्याने शॉट मारायचा विचारच सोडला, तर? त्याची तर नोंदही होत नाही.

गंमत म्हणजे, कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए अडवलेल्या शॉट्सची, म्हणजे ब्लॉक्सची अधिकृत मोजणी करायला लागली १९८५-८६ च्या सीझनपासून. तोवर जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीचा सात फुटी पॅट्रिक युइंग १९८२ ते १९८५ अशी सलग ४ वर्षं बिग ईस्टचं हे बक्षीस खिशात घालून कॉलेजमधून बाहेरही पडला होता! राष्ट्रीय रेकॉर्डमध्ये रकाना नव्हता, पण बघणाऱ्यांना दिसत होतं.

मत कोणाचं?

हे बघणारे म्हणजे कॉन्फरन्समधले कोच. मतदान तेच करतात, आणि स्वतःच्या टीममधल्या प्लेअरला मत द्यायची त्यांना परवानगी नाही. म्हणजे सीझनभर तुम्ही ज्यांच्या नाकी नऊ आणलेत, तेच शेवटी म्हणतात, 'हा पोरगा आम्हाला नडला!' यापेक्षा खरं सर्टिफिकेट कोणतं?

याला उंचीच लागते असंही नाही. जॉर्जटाउनचाच जेमतेम सहा फुटी ॲलन आयव्हर्सन आपल्या लक्षात आहे तो धडाकेबाज स्कोअरर म्हणून. पण १९९५ आणि १९९६ असं दोनदा हे बक्षीस त्याने मिळवलं, ते समोरच्याच्या हातातून बॉल पळवून.

डॉक्टर व्हायला आला आणि...

या यादीतला सगळ्यात भारी माणूस मात्र डिकेंबे मुटोम्बो. उंची सात फूट दोन इंच. तेव्हाच्या झाईरमधून, म्हणजे आजच्या काँगोतून, १९८७ मध्ये स्कॉलरशिपवर जॉर्जटाउनला आला, तो डॉक्टर व्हायला. इंग्लिशची बोंब. कोच जॉन थॉम्पसन यांनी त्याला बास्केटबॉलकडे वळवलं. पहिल्याच सीझनमध्ये पठ्ठ्याने एका मॅचमध्ये १२ शॉट अडवले. बास्केटमागे बसणाऱ्या पोरांनी आपल्या जागेचं नावच 'रिजेक्शन रो' ठेवलं. प्रत्येक ब्लॉकला तिथल्या बॅनरवर पसरलेल्या पंजाचं एक चित्र वाढायचं. बोर्डवर शून्य? चालेल, आम्ही मोजतो!

१९९० चं बक्षीस त्याने टीममधल्याच अलोंझो मोर्निंगबरोबर वाटून घेतलं, १९९१ चं एकट्याने. पुढे एनबीएमध्ये ३,२८९ ब्लॉक्स आणि सर्वोत्तम बचावपटूचा किताब ४ वेळा. शॉट अडवला की तर्जनी हलवून 'नाही, नाही' करायची त्याची स्टाइल जगभर हिट झाली.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं. पण किन्शासातल्या अशांततेमुळे त्याच्या आईला वेळेत हॉस्पिटल गाठता आलं नाही आणि ती गेली, हे तो विसरला नाही. त्याच शहरात त्याने आईच्या नावाने हॉस्पिटल उभारलं. २००७ पासून तिथे पेशंट येऊ लागले. २०२४ मध्ये, ५८ व्या वर्षी मुटोम्बो गेला. तिथे वाचलेली माणसं कुठल्या स्कोअरबोर्डवर मांडायची?

तर, फॉर्मचं काय?

सिंपल फंडा. वर्षभर जे जे अडवलंत, ते तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवा. पकडलेला बग, क्लायंटकडे जाता जाता थांबवलेला चुकीचा मेल, टळलेली पेनल्टी. आणि जमलं तर कौतुकाचे दोन शब्द शेजारच्या डिपार्टमेंटकडून मागा, म्हणजे ज्यांचं काम तुम्ही सारखं परत पाठवलंत त्यांच्याकडून! सुरुवात आपणच करायला काय हरकत आहे? आज आपल्या टेस्टरला चहा पाजा.

फक्त बॉससमोर तर्जनी तेवढी हलवू नका. त्यापायी खुद्द मुटोम्बोलासुद्धा फाउल मिळायचे!