हवेची बोट घेताय? आधी लाईफ जॅकेट घ्या, मग बोट

नरसी नामदेव (ता. हिंगोली) : मागच्या दिवाळीला माझ्या मेव्हण्याचा मुलगा पुण्याहून गावी आला तो पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन. आम्हाला वाटलं, फवारणीचा पंप आणलाय. अंगणात बॅग उघडली, पायाच्या पंपानं दहा-पंधरा मिनिटं हवा भरली आणि दहा फुटांची बोट तयार झाली. अर्धं गाव बघायला गोळा झालं. आता सुट्टीच्या दिवशी धरणावर, तलावावर जाणारी पोरं विचारतात, काका, ही बोट कुठं मिळते, कितीला पडते? म्हणून जे शिकलो ते सगळं इथं सांगतो. त्यात आमची चूकही आली.

ही बोट असते कशी?

हिला कयाक म्हणतात. अरुंद, लांबट बोट. आत पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडं-उजवीकडं मारायचं. हवेची कयाक जाड पीव्हीसीची असते. तिच्यात हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, दोन बाजूंना दोन आणि तळाला एक. एक कप्पा फुटला तरी बाकीच्यांवर बोट तरंगते, पण वाकडी होते आणि पाणी आत घेते. म्हणून लगेच काठ गाठायचा.

साधी दोन माणसांची बोट ऑनलाईन साधारण दहा ते वीस हजारांत मिळते. घडी घालून वजन तेरा-पंधरा किलो, म्हणजे मोटारसायकलवर मागं बांधून नेता येते. घेताना रंग-फोटो नंतर बघा, आधी वजनाची मर्यादा बघा. दोघांच्या बोटीवर बहुतेक १८० किलो लिहिलेलं असतं, एकट्याच्या बोटीवर १०० किलो. ही शेवटची मर्यादा आहे, तिथपर्यंत भरायची नसते. नवरा-बायको आणि एक पोरगं मिळून १६० किलो झाले, वरून डबा आणि पाण्याची कॅन, की बोट जड झाली. वल्ही, पंप आणि पंक्चरचं सामान सोबत येतं का, तेही विचारून घ्या.

आमची चूक

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तलावावर गेलो. जॅकेट एकच होतं, ते पोराला दिलं. मला पोहता येतं म्हणून मी तसाच बसलो. जाताना बोट इतकी सरसर गेली की मजा वाटली. मध्यावर गेल्यावर कळलं की आमचे हात चालत नव्हते, मागून वारं ढकलत होतं. परत फिरलो तर बोट जागची हलेना. हवेची बोट हलकी असते, पाण्याच्या वर राहते, म्हणून वाऱ्याला ती पाल्यासारखी सापडते. शेवटी वाऱ्याच्या दिशेनं पलीकडच्या काठाला लागलो, बोट डोक्यावर घेतली आणि काठाकाठानं दोन तास चालत मोटारसायकलपाशी आलो. त्या दिवशी लाटा मोठ्या असत्या तर हा लेख लिहायला मी नसतो.

मे २०२४ मध्ये उजनी धरणात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ती तर इंजिनाची बोट होती. आपली हवेची बोट तिच्यापुढं काहीच नाही.

म्हणून हे पाळा

* माणशी एक लाईफ जॅकेट. बोटीत बसायच्या आधी घालायचं आणि पट्टे आवळायचे. ट्यूब किंवा रिकामी कॅन जॅकेटची जागा घेत नाही. जॅकेटवर ५० न्यूटन लिहिलेलं असेल तर ते चांगलं पोहणाऱ्यासाठी असतं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं घ्या. घातल्यावर कुणाला तरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते ढिलं आहे. लेकरांचं जॅकेट त्यांच्या वजनाचं घ्या, पायांतून पट्टा असलेलं.
* जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा. दमल्यावर परत येताना वारं मदत करील. पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला तर उतरूच नका.
* सकाळची वेळ चांगली. उन्हाळ्यात दुपारनंतर वावटळ, वादळ कधी उठेल सांगता येत नाही. मोबाईलवर वीज पडण्याची सूचना देणारं 'दामिनी' ॲप ठेवा. गडगडाट ऐकू आला की काठावर या.
* काठापासून पन्नास पावलांच्या आतच फिरा.
* पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटून बघा. परत चढताना बोटीची कड धरा, पाय पाण्यावर आडवे मारा आणि पोटावर आत सरका. हे जमल्याशिवाय खोल पाण्यात जायचं नाही.
* मोबाईल प्लास्टिकच्या बंद पिशवीत, शिट्टी गळ्यात. घरी सांगून जा. अडचणीत ११२ लावा.

कुठं चालवायची, कुठं नाही

कयाधूला पूर आला की बोट घरीच. पुरात झाडं, तारा, काटे वाहत येतात. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंनी लांब राहा. पाणी पडतं तिथला भोवरा बोटीला मागं खेचतो, चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही.

येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. आधी तिथल्या कार्यालयात विचारा, नाही म्हटलं तर नाही. भिंत, सांडवा आणि दरवाजे यांच्याजवळ जायचं नाही. धरणाच्या खालच्या पात्रात तर मुळीच नाही. येलदरीला वीजघर आहे, खाली कधीही पाणी सुटतं. मच्छीमार बांधवांची जाळी असतात तिथून लांबून जा. ते त्यांचं पोट आहे, आणि जाळ्यात वल्हं अडकलं की तुमचीही पंचाईत. पाणी ओसरलेल्या काठावर गाळ असतो, गुडघ्यापर्यंत पाय रुततो. उतरायला मुरमाड जागा बघा.

शेततळ्यात लेकरांना बोटीत बसवू नका. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पडलेला माणूस पोहणारा असला तरी बाहेर येऊ शकत नाही. बोट असो-नसो, आपल्या शेततळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आजच सोडून ठेवा.

बोट टिकवायची तर

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नका. मोटारसायकलच्या टायरला पंचवीस-तीस पौंड हवा लागते, या साध्या बोटीला एक पौंडसुद्धा पुष्कळ होते. सोबतचाच पंप वापरा. कडक हवा भरून उन्हात ठेवली तर हवा फुगते आणि शिवण सुटते. म्हणून सावलीत ठेवा. पाण्यात गेल्यावर हवा गार होऊन बोट थोडी मऊ पडते, तेव्हा परत दोन-चार दाब मारा.

बाभळीचा काटा हा आपल्याकडं तिचा मोठा वैरी. काठावरून ओढत नेऊ नका, उचलून न्या. पंक्चर झालंच तर सायकलचं सोल्युशन पीव्हीसीला नीट धरत नाही, पीव्हीसीचाच गोंद आणि त्याचंच ठिगळ लागतं. साबणाचं पाणी लावलं की बुडबुड्यावरून भोक सापडतं. घरी आल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी घालून उंदीर जाणार नाहीत अशा पत्र्याच्या पेटीत ठेवा.

पैसे कमी पडत असतील तर बोट साधी घ्या, पण जॅकेट पुरती घ्या. हजार-दोन हजारांना एक येतं. आमच्याकडं आता दोन आहेत, खुंटीला टांगलेली. मेव्हण्याचा पोरगा तिसरा मित्र घेऊन आला तर त्याला काठावर बसवतो. तो रुसतो, पण बसतो.