सहा आठवडे पाय टेकायचा नाही

बॉस्टनच्या बॉइल्स्टन स्ट्रीटवर त्या दिवशी पाऊस आडवा मारत होता. १६ एप्रिल २०१८. पारा तीन-चार अंशांवर आणि समोरून अंगात शिरणारा वारा. शेवटची रेषा ओलांडून एक सव्वीस वर्षांची तरुणी थांबली आणि तिथल्या माणसाला तिने आपला क्रमांक विचारला. दुसरा, असं उत्तर आलं. तिला काही उमगेना. दुसरा म्हणजे कशात? वयोगटात? कुठल्या तरी छोट्या गटात? दर वर्षी भरणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या मॅरेथॉनमध्ये आपण सगळ्या बायकांत दुसऱ्या आलो आहोत, हे तिला पटायला थोडा वेळ लागला.

तिचं नाव सारा सेलर्स. अ‍ॅरिझोना राज्यातल्या टुसॉनमध्ये ती रुग्णांना भूल देणारी नर्स होती. अमेरिकेत विशेष शिक्षण घेऊन नर्सला हे काम करता येतं. नोकरी पूर्ण वेळ, त्यामुळे सराव एक तर पहाटे चारला, नाही तर ड्यूटी उरकून संध्याकाळी. पाठीशी ना प्रायोजक, ना एजंट. भाऊ बॉस्टनला पळणार होता म्हणून तिनेही नाव घातलं आणि १८० डॉलरची फी स्वतःच्या खिशातून भरली. ही तिच्या आयुष्यातली दुसरीच मॅरेथॉन. वेळ लागली २ तास ४४ मिनिटं ४ सेकंद.

या कथेचा आधीचा भाग तितकाच मोलाचा आहे. युटामधल्या वीबर स्टेट विद्यापीठात सारा दहा हजार मीटर पळायची. शेवटच्या वर्षी तिच्या पावलातलं एक छोटं हाड तडकलं आणि स्पर्धा सुटल्या. पुढे भूलशास्त्राचं शिक्षण, लग्न, नोकरी असं सगळं सुरू झालं आणि शर्यती मागे राहिल्या.

पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, घोट्याच्या थोडं पुढे, होडीसारखं एक हाड असतं. साराचं तडकलं ते हेच. त्याचं शास्त्रीय नाव ‘नॅव्हिक्युलर’ होडीवरूनच पडलं आहे. पळताना पाऊल जमिनीला टेकून पुढे ढकललं जातं, त्या क्षणी हे हाड मागच्या आणि पुढच्या हाडांमध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखं दाबलं जातं. त्यात त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तडा तिथेच जातो आणि तिथेच तो सांधायला उशीर लागतो. दुखणंही फसवं. पावलाच्या वरच्या बाजूला कुठे तरी ठणकतं, पळून झाल्यावर जास्त, सकाळी पुन्हा बरं. पळणारा बुटाची नाडी सैल करून पाहतो, मग बूटच बदलतो आणि पळत राहतो. साध्या एक्स-रेमध्ये हा तडा बहुतेक वेळा दिसतच नाही; एमआरआय किंवा सीटी स्कॅन करेपर्यंत महिने निघून जातात.

उपचार मात्र अगदी साधा आहे आणि तोच लोकांना सर्वांत जड जातो. सहा आठवडे प्लॅस्टर, कुबड्या, आणि त्या पायाचा अंगठासुद्धा जमिनीला टेकवायचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९९२ साली अशा खेळाडूंचा हिशेब मांडला. ज्यांनी सुरुवातीलाच किमान सहा आठवडे पायावर अजिबात भार दिला नाही, अशा २२ जणांपैकी १९ जण पुन्हा खेळू लागले. ज्यांनी ‘थोडं जपून’ चालणं-फिरणं चालू ठेवलं, अशा ३४ जणांपैकी फक्त ९. हौशी धावपटूच्या तोंडी ‘थोडं जपून’ हे दोन शब्द कायम असतात, म्हणून हे आकडे त्याने पाठच करून ठेवावेत.

त्या दिवशीच्या बॉस्टनकडे पुन्हा पाहिलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. मोडलेली हाडं घेऊन परतलेली सारा एकटीच नव्हती. बायकांत पहिली आली डेझिरे लिंडेन. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मांडीच्या हाडाला तडा असल्यामुळे तिला शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. तिसरी आली कॅनडाची क्रिस्टा डुशेन, एक्केचाळीस वर्षांची, तीन मुलांची आई, पेशाने आहारतज्ज्ञ. २०१४मध्ये मॉन्ट्रियलच्या अर्धमॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात तिचा पाय लचकला. ती तशीच लंगडत रेषेपार गेली आणि नंतर कळलं की मांडीचं हाडच मोडलं आहे. पट्टी आणि स्क्रू बसवून हाड जोडलं गेलं. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ती कॅनडाकडून धावत होती. म्हणजे विजयमंचावरच्या तिघींपैकी तिघी एकदा डॉक्टरांच्या टेबलावर पाय पसरून बसलेल्या होत्या.

पुरुषांत जिंकला युकी कावाउची. हा जपानच्या सैतामा प्रांतातला सरकारी कारकून, संध्याकाळी भरणाऱ्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात काम करणारा. जपानमध्ये चांगले धावपटू कंपन्यांच्या संघांत नोकरीला लागतात. पगार मिळतो तो पळण्यासाठीच. कावाउचीचं शालेय वय दुखापतींत गेलं, म्हणून हे दार त्याच्यासाठी उघडलंच नाही. तो गाकुशुइन विद्यापीठात गेला. तिथला सराव शाळेतल्यापेक्षा हलका होता आणि त्या हलक्या सरावातच तो सुधारत गेला. पुढे नोकरी लागली ती दुपारी सुरू होऊन रात्री नऊनंतर संपणारी. म्हणून पळायचं फक्त सकाळी आणि दिवसातून एकदाच. व्यावसायिक धावपटू दोनदा पळतात. २०११च्या टोकियो मॅरेथॉनमध्ये २:०८:३७ वेळ देऊन तो तिसरा आला, तेव्हा सगळा जपान या कारकुनाकडे पाहू लागला. बॉस्टनच्या वादळात ४० किलोमीटरनंतर त्याने गतविजेत्या जेफ्री किरुईला गाठून मागे टाकलं आणि २:१५:५८मध्ये शर्यत मारली. १९८७च्या तोशिहिको सेकोनंतर बॉस्टन जिंकणारा हा पहिला जपानी. गारठा त्याला नवा नव्हता. त्याच वर्षी १ जानेवारीला, बॉस्टनजवळच्याच मार्शफील्डमध्ये उणे १७ अंशांच्या आसपास त्याने २:१८:५९ची मॅरेथॉन पळून ठेवली होती.

नोकरीमुळे सराव कमी पडतो, अशी तक्रार प्रत्येक हौशी धावपटू करतो. कावाउचीच्या बाबतीत उलट घडलं असावं. नोकरीने त्याच्या सरावावर झाकण ठेवलं आणि ज्या शरीराने शाळेत दगा दिला होता, त्याला दोन सरावांमध्ये चोवीस तास मिळू लागले. हाडाला नेमके हेच तास लागतात.

रस्ता दुरुस्त करायचा तर आधी खणावा लागतो. हाडाचंही तसंच. पळण्याचा ताण वाढला की शरीर हाडाचा जुना, दमलेला भाग आधी कुरतडून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. कुरतडण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीन महिन्यांपर्यंत लागतात. मधल्या काळात हाड खणलेल्या रस्त्यासारखं असतं. म्हणून नव्या सरावाचा पहिला महिना सरत आला की नडगी दुखायला लागते. नेमकी तेव्हाच, जेव्हा दम वाढलेला असतो आणि पळणाऱ्याला वाटतं की आता जमलं.

हे ज्ञान आधी सैन्यात आलं. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ साली कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलं. कारण कळायला एक्स-रेचा शोध लागावा लागला. १८९७ साली त्या सुजेमागची तडकलेली हाडं दिसली. पहिली बॉस्टन मॅरेथॉन भरली तीही १८९७ साली, हा निव्वळ योगायोग.

विश्रांतीत दम किती जातो, याची धास्ती दुखावलेल्या माणसाला रात्री झोपू देत नाही. १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मुरलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली. पुढे ती १६ टक्क्यांपर्यंत खाली आली आणि तिथे स्थिरावली. म्हणजे सगळं वाहून जात नाही. कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पळण्याची क्रिया करत राहिलं किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा सायकल मारली, तर यातलंही बरंच राखता येतं. आणि नेमका इथेच धोका उभा राहतो, कारण दम काही आठवड्यांत भरून येतो आणि हाड अजून मागेच असतं. परतल्यावर दुसऱ्यांदा जायबंदी होणारे बहुतेक जण या तफावतीत सापडलेले असतात. अंगात बळ आहे, घड्याळ चांगली वेळ दाखवतंय, तर मग थांबायचं कशाला, असं त्यांना वाटतं.

परतीचा नेहमीचा मार्ग दिसायला हास्यास्पद वाटेल इतका हळू असतो. आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं एकाआड एक दिवस. मग दोन आणि तीन. नुसतं वीस मिनिटं सलग पळेपर्यंत महिना लागतो. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर. चढ-उतार त्याहून नंतर. हाड दुखलं तर तिथेच थांबून एक पायरी मागे जायचं, यात तडजोड नाही.

टाचेमागच्या दोरीसारख्या शिरेचं, म्हणजे अकिलीस टेंडनचं, मात्र शास्त्र वेगळं, आणि ते एका वैतागलेल्या हौशी धावपटूनेच शोधलं. स्वीडनमधल्या उमेओ शहराचे अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांची स्वतःची टाच दुखत होती. शस्त्रक्रिया करा म्हणून त्यांनी वरिष्ठांना गळ घातली. ते तयार होईनात. तेव्हा आल्फ्रेडसन यांनी ठरवलं की टेंडन तुटेल इतका त्याला ताण द्यायचा, मग तरी शस्त्रक्रिया होईल. ते रोज पायरीवर उभे राहून टाच खाली सोडू लागले. दुखणं आधी वाढलं. टेंडन तुटलं नाही. काही आठवड्यांनी दुखणंच गेलं.

१९९८ साली त्यांनी हाच प्रयोग जुनाट टाचदुखीच्या १५ हौशी खेळाडूंवर केल्याचं प्रसिद्ध झालं. बारा आठवड्यांनी पंधराच्या पंधरा जण पूर्वीसारखे पळू लागले होते. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या १५ जणांना नेहमीच्या उपचारांनी गुण आला नाही आणि शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली. आज पुण्या-मुंबईतला फिजिओ ‘जिन्यावर जा’ म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे.

हा व्यायाम जवळून पाहावा असा आहे. इमारतीच्या जिन्याची शेवटची पायरी, एक हात कठड्यावर. दोन्ही चवडे पायरीच्या काठावर, टाचा हवेत. दोन्ही पायांवर उंच व्हायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. पोटरी ताणली जाते, थरथरते. वर येताना मात्र चांगल्या पायाने यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, अशा तीन फेऱ्या. गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. सकाळी एकदा, रात्री एकदा, म्हणजे दिवसाला १८०. बारा आठवडे, रविवारीसुद्धा. सोपं वाटायला लागलं की पाठीला सॅक अडकवायची आणि तिच्यात वजन भरत जायचं. हाडाच्या बाबतीत कळ आली की थांबायचं, इथे थोडी कळ सोसायची. कुठली कळ कुठल्या अवयवाची, हे ओळखणं हाच परतीचा अर्धा भाग आहे. दुखणं टेंडनच्या मध्यभागी असेल तरच हा उपाय लागू पडतो. टाचेच्या हाडाला जिथे टेंडन चिकटतं तिथे दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेल्याने ते चिडतं.

महाराष्ट्रातल्या धावपटूंना परतीचा हा हिशेब दर वर्षी करावा लागतो. पावसाळ्याच्या शेवटी साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात घेऊन जाते, पुढे हिवाळ्यात पुणे आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. नाव आधीच नोंदवलेलं, फी भरलेली, ऑफिसातल्या ग्रुपवर जाहीर केलेलं. सप्टेंबरात नडगी तडकली तर जानेवारीपर्यंत चार महिने असतात, असं बोटांवर मोजून लोक मनाशी पक्कं करतात. हाड मोजतं ते वेगळं: सहा आठवडे सांधण्याचे, मग चालण्याचे, मग एक मिनिट पळून चार मिनिटं चालण्याचे. मुंबईच्या शर्यतीतला पेडर रोडचा चढ त्या हिशेबात बसत नाही. त्या वर्षी पाण्याच्या टेबलामागे उभं राहून ग्लास भरणारे धावपटू प्रत्येक शर्यतीत दिसतात. पुढच्या वर्षी त्यांतले बरेच जण पुन्हा बिब लावून रस्त्यावर असतात.

साराला परत आणलं तिच्या कॉलेजच्याच प्रशिक्षकाने. पॉल पिल्किंग्टन हा माणूसही अजब. १९९४च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये त्याला फक्त सुरुवातीचा वेग आखून द्यायला नेमलं होतं. तो थांबलाच नाही आणि जिंकला. सारा २०१७च्या सप्टेंबरात युटामधल्या हंट्सविलला पहिली मॅरेथॉन पळाली, २:४४:२७मध्ये. बॉस्टनला २३ सेकंद कमी लागले, तेही जिथे नामांकित धावपटू गारठून एकामागून एक बाहेर पडत होते.

दुसऱ्या क्रमांकाचे ७५,००० डॉलर मिळाले. ते शिक्षणाच्या कर्जात जातील, असं तिने सांगितलं. मग ती टुसॉनला परतली आणि पुन्हा कामावर रुजू झाली. २०२०च्या फेब्रुवारीत अटलांटाला अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत ती उभी होती, जुना तडा गेलेल्या त्याच पायावर. कावाउचीने २०१९मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि २०२१च्या लेक बिवा मॅरेथॉनमध्ये, टोकियोतल्या त्या तिसऱ्या क्रमांकानंतर दहा वर्षांनी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी २:०७:२७ ही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली.