ढुशीचं गणित

पहाटे ५.३०
संगमनेर तालुक्यातला मुक्त गोठा. दूध काढायच्या जागेआधीच्या अंगणात गायी कशा दाटतात ते नकाशावर दिसत नाही, म्हणून भिंतीचा आराखडा करण्याआधी मी धारेच्या वेळीच येते. होल्स्टीन गायी, वजन ६०० किलोच्या घरात. थोराड गायीनं ढुशी दिली की दुबळी पळते. कोपऱ्यात पळायला जागा नसते, मग ती भिंतीवर जाते. विटांची जुनी भिंत तिथंच तळाशी फुटली आहे. वीट दाब पेलते, ताण नाही.

सकाळी ७
चहा घेताना मालक म्हणाले, “मॅडम, नऊ इंची काँक्रीटच घाला, कटकट नको.” नुसत्या जाडीनं खर्च वाढतो, पायातून सळया वर आल्या नसतील तर भिंत सांध्यातच उघडते. हे पटवायला दुसरा कप लागला.

सकाळी १०
ऑफिस. गायीचा वेग सेकंदाला ४ मीटर धरला, तर ऊर्जा ४८०० जूल. पण गाय दगड नव्हे. अंग दबतं, पाय सरतात. ती ३० सेंटिमीटरांत थांबते असं मानलं, तर सरासरी बल १६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १.६ टन. क्षणिक कमाल मी दुप्पट धरते, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. हा भार आडव्या सळया दोन्ही अंगांना पसरवतात, तळाशी साधारण २.४ मीटर रुंदीत. मग १५ सेंटिमीटरची भिंत आणि १० मिलिमीटरच्या उभ्या सळया १५ सेंटिमीटर अंतरानं, एवढ्यात भागतं.

दुपारी २
पाया. त्याचा पसारा आत, गायींच्या बाजूला. वरच्या फरशीचं वजन भिंतीला उलटू देत नाही.

सायंकाळी ५
दुसऱ्या गोठ्यावर उद्याच्या ओतकामाची तयारी. मिस्त्रींनी जाळी बरोबर मधोमध बांधलेली. “मॅडम, मधली सळई दोन्हीकडून धरते.” ऐकायला बरं वाटतं. पण धडक आतून बसते, भिंत बाहेर वाकते आणि ताण येतो आतल्या अंगावर. मधोमध सळईनं ताकद जवळपास ३० टक्के घटते. जाळी आत सरकवली, ४० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक लावले. गोमूत्र-शेणात सळई लवकर गंजते, म्हणून त्याहून कमी नको.

रात्री ८
सकाळच्या गोठ्याच्या नकाशातला कोपरा गोल केला, म्हणजे दुबळी गाय तिथं अडकणार नाही. अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी जनावरांसाठी वळणदार, भरीव भिंतींचे मार्ग आखले. बाहेरची हालचाल दिसत नाही, जनावर बुजत नाही. माझ्या मते सळया वाढवण्याआधी कोपरेच गोल करावेत. गोठा बांधणार असाल, तर सेंट्रिंगच्या फळ्या बंद होण्याआधी एकदा स्वतः आत डोकावा: उभ्या सळया गायीच्या बाजूलाच दिसायला हव्यात.