तक्रारींच्या फाइलमध्ये काय सापडत नाही

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य आज वाचलं की लाज वाटते. 'दूषित रक्तघटकांमुळे झालेल्या संसर्गाचं प्रमाण वैद्यक परिषदेकडे आलेल्या रुग्णांच्या तक्रारींवरून अभ्यासता येईल.' गाइडनी त्याखाली पेन्सिलनं एवढंच लिहिलं होतं: 'तक्रार करायला काय काय लागतं?' मला वाटलं, फॉर्म लागतो, अजून काय! त्या प्रश्नात पुढचे आठ महिने गेले आणि सिनॉप्सिस नव्यानं लिहावा लागला.

तुमच्यापैकी बरेच जण आता संशोधनाचा विषय ठरवत असतील. तक्रारी, अर्ज, खटले, माहिती अधिकारातली उत्तरं हा डेटा स्वस्तात मिळतो, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिकडेच जाते. तो कसा फसवतो हे मी ब्रिटनच्या एका प्रकरणावरून सांगते. ते निवडण्याचं कारण म्हणजे त्याची कागदपत्रं आज उघड आहेत.

आधी प्रकरण थोडक्यात. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात गोठण्याला लागणारा एक घटक कमी असतो, बहुतेकांच्या बाबतीत फॅक्टर आठ. 1970 च्या दशकात हा घटक पावडरीच्या रूपात मिळू लागला. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचा, लागेल तेव्हा टोचून घ्यायचा. रुग्णांना ती सुटकाच वाटली. पण ही पावडर हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायची, काही वेळा एका बॅचमध्ये चाळीस हजारांपर्यंत दाते असायचे. त्यातला एक जरी बाधित असला तरी सगळी बॅच गेली. ब्रिटनला स्वतःचा प्लाझ्मा पुरत नव्हता, म्हणून माल अमेरिकेतून यायचा. तिथे पैसे घेऊन रक्त देणारे होते, तुरुंगातले कैदीही होते. परिणाम असा की ब्रिटनमध्ये रक्तस्रावाचा विकार असलेल्या सुमारे 1,250 जणांना एचआयव्हीची लागण झाली, त्यात सुमारे 380 मुलं होती. रक्त चढवल्यामुळे हिपॅटायटिस सी झालेल्यांचा आकडा तर याच्या कितीतरी पट आहे. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल 20 मे 2024 ला आला. त्यानुसार 30,000 हून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि सुमारे 3,000 जणांचा मृत्यू झाला.

आता गाइडचा प्रश्न. यातल्या एखाद्या रुग्णाला डॉक्टरविरुद्ध जनरल मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या वैद्यक परिषदेकडे जायचंय. काय काय लागेल?

पहिली गोष्ट इतकी साधी आहे की माझ्या डोक्यातच आली नव्हती. आपल्याला आजार झालाय हे त्याला माहीत हवं. आयोगापुढच्या साक्षी वाचताना सर्वांत जास्त अंगावर येतं ते हेच. अनेकांची एचआयव्ही चाचणी त्यांना न विचारता झाली होती, निकाल डॉक्टरांच्या फाइलमध्ये होता आणि रुग्णाला तो काही महिन्यांनी, काहींना काही वर्षांनी कळला. हिपॅटायटिस सीची गोष्ट आणखी वेगळी. विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये, ब्रिटनमध्ये दात्यांच्या रक्ताची चाचणी सुरू झाली सप्टेंबर 1991 मध्ये. यकृत मात्र वीस-तीस वर्षं गुपचूप खराब होत राहतं. बाळंतपणात रक्त चढवलेल्या बाईला साठीत थकवा येतो तेव्हा तिला ती बाटली आठवणार कशी?

समजा कळलं. मग कागद हवा. कुठल्या तारखेला, कुठल्या बॅचचं, कोणी दिलं? अनेकांना आपले केसपेपर अर्धवट मिळाले, काहींना मिळालेच नाहीत.

मग हिंमत. 'हिंमत' हा शब्द मी आधी प्रबंधात वापरायला कचरत होते, फार भावनिक वाटायचा. पण रुग्णाचं वेळापत्रक बघा. हिमोफिलियाचा रुग्ण त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरकडे जन्मभर जात असतो. आज तक्रार केली आणि पुढच्या आठवड्यात गुडघ्यात रक्तस्राव झाला, तर त्याच दारात उभं राहायचंय. त्यात 1980 च्या दशकात एड्सची दहशत एवढी की लोक शेजाऱ्यांपासून, शाळेपासून, कधी सख्ख्या भावापासून आजार लपवत होते. तक्रार करायची म्हणजे स्वतःचं नाव आणि आजाराचं नाव एकाच कागदावर लिहायचं. किती जण लिहितील?

इतकं सगळं पार करून अर्ज पोचला, तरी तिथे नियम आहेत. कौन्सिलच्या 2004 च्या नियमावलीत पाच वर्षांची मर्यादा आहे. घटनेला त्याहून जास्त काळ लोटला असेल, तर सार्वजनिक हिताचा अपवाद लागू होत असेल तरच प्रकरण पुढे जातं. 1983 मधल्या इंजेक्शनचा परिणाम 2005 मध्ये कळला, तर मधे बावीस वर्षं गेलेली असतात. आणि कौन्सिल कारवाई करू शकते ती नोंदणीकृत, म्हणजे हयात डॉक्टरवरच. आयोगाच्या अहवालात ज्यांच्यावर बरीच टीका आहे ते कार्डिफचे प्राध्यापक आर्थर ब्लूम 1992 मध्येच वारले.

पण मला विचाराल तर खरी मेख या अडथळ्यांत नाही. ती आहे तक्रारीच्या साच्यात. वैद्यक परिषद एका वेळी एक डॉक्टर बघते आणि विचारते, 'त्या काळात याच्या जागी असलेल्या इतर डॉक्टरांपेक्षा हा वेगळा वागला का?' ब्रिटिश कायद्यात 1957 च्या बोलम खटल्यापासून ही मोजपट्टी प्रसिद्ध आहे. तो निकाल निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीचा, शिस्तभंगासाठीचा नव्हे, पण विचाराची घडण तीच. आता गंमत बघा (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही): सगळेच डॉक्टर तीच पावडर देत असतील, तर एकही जण वेगळा वागलेला नसतो. चूक जितकी सार्वत्रिक, तितकी ती कुणाचीच नसते. इथल्या सरकारांनीही वर्षानुवर्षं हेच पालुपद लावलं की रुग्णांना त्या काळातली उपलब्ध सर्वोत्तम उपचारपद्धती मिळाली. लँगस्टाफ यांनी ते खोडून काढलं.

कसं? एका वर्षातले दोन कागद शेजारी ठेवून बघा. मे 1983 च्या सुरुवातीला ब्लूम यांच्या पत्रातून हिमोफिलिया सोसायटीच्या सदस्यांना धीर देण्यात आला की आपल्या देशातल्या हिमोफिलिया रुग्णांत सिद्ध झालेली एकही केस आम्हाला माहीत नाही. तेव्हा कार्डिफमध्येच एका रुग्णाला एड्स असल्याचा संशय होता. त्याच महिन्यात, 9 मे रोजी, संसर्गजन्य रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राचे संचालक स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला लिहिलं की 1978 नंतरच्या अमेरिकन रक्तापासून बनलेली उत्पादनं तूर्त मागे घ्यावीत. ती मागे घेतली गेली नाहीत. म्हणजे धोका दिसणारा माणूस होता. पण हा दुसरा कागद रुग्णाच्या हातात नव्हता, आणि तक्रारदार जोडतो ते फक्त स्वतःचे कागद. दस्तऐवज मागण्याचा अधिकार असलेल्या लँगस्टाफ आयोगाची घोषणा तर 2017 मध्ये झाली.

एक व्हायवात विचारला जाईल असा मुद्दा: मग तक्रारी निरुपयोगी का? नाही. फक्त त्या इजेबद्दल कमी आणि चाळणीबद्दल जास्त सांगतात. 2008 पर्यंत कौन्सिलमध्ये पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक होती, त्यानंतर ती दिवाणी झाली. एखाद्यानं 2000 ते 2015 चा आलेख काढून 2008 नंतरच्या चढाला 'डॉक्टर बिघडले' असं म्हटलं, तर त्यानं नियमातला बदल मोजलेला असू शकतो.

आपल्याकडे हाच प्रश्न विचारायचा असेल तर चाळणी वेगळी आहे हे आधी समजून घ्या. 2022 मध्ये नागपुरात थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, त्यातल्या एका मुलाचा मृत्यू झाला. या मुलांना रक्त सतत लागतं. पालक गेले समजा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, तर ती डॉक्टरांची परिषद आहे. रक्तपेढीचा परवाना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतो, म्हणजे दार अन्न व औषध प्रशासनाचं. त्यातून डॉक्टरविरुद्धची तक्रार राज्य परिषदेत फेटाळली गेली, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यातल्या कलम 30 मध्ये वरच्या मंडळाकडे अपिलाची तरतूद डॉक्टरसाठी शब्दशः लिहिली आहे, रुग्णासाठी नाही. म्हणजे आयोगाकडची अपिलं मोजायला निघालात, तर डॉक्टरांची नाराजी मोजून याल.

माझ्या तक्त्यात आता 'तक्रारींची संख्या' हा रकाना शेवटी गेलाय. त्याआधी प्रत्येक साक्षीसाठी तीन तारखा लिहिते: उपचार कधी झाला, डॉक्टरांना संसर्ग कधी कळला, रुग्णाला कधी सांगितला. ब्रिटनच्या आयोगाच्या संकेतस्थळावर साक्षीदारांची लेखी निवेदनं मोफत वाचता येतात. सुरुवात करायची तर हॅम्पशायरमधल्या ट्रेलोर्स या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची निवेदनं घ्या. 1970 ते 1987 या काळात तिथे हिमोफिलिया असलेली 122 मुलं शिकली, आज त्यातली तीसच्या आसपास हयात आहेत. दुसरी आणि तिसरी तारीख यांच्यातलं अंतर आधी भरा. काही निवेदनांत दुसरी तारीख सापडणार नाही. ती चौकट कोरी सोडा आणि का कोरी आहे ते समासात लिहा.