चार मिनिटांची आई

सशाची मादी आपल्या पिल्लांना चोवीस तासांत बहुतेक एकदाच पाजते, आणि तेही जेमतेम तीन-चार मिनिटं. पाजून झालं की निघून जाते. पिल्लांना कुशीत घेऊन झोपत नाही. घरट्याबाहेर घरंगळलेलं पिल्लू मांजरीप्रमाणे तोंडात धरून परतही आणत नाही. झॅरो, डेनेनबर्ग आणि अँडरसन या संशोधकांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या एकदाच पाजण्याची नोंद प्रसिद्ध केली. मग दिवसाच्या उरलेल्या वेळात ही पिल्लं जगतात कशी?

जन्मताना तर ती अगदीच असहाय असतात. डोळे मिटलेले, कान बंद, अंग जवळजवळ उघडं, आणि वजन बहुधा ५०-६० ग्रॅम. आपल्या माळरानावर दिसणारा रानससा वेगळा. त्याची पिल्लं उघड्यावर जन्मतात, पण अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन. पाळीव ससे मात्र युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. तिथली मादी बाळंतपणासाठी बहुधा वेगळं छोटं बीळ खणते आणि दर वेळी पाजून निघताना त्याचं तोंड मातीने बुजवून टाकते. सारखी ये-जा केली तर कोल्ह्या-मुंगसासारख्या शिकाऱ्यांना माग लागेल. तिचं दूर राहणं हीच पिल्लांची राखण.

जाण्याआधी ती मागे बरंच काही ठेवून जाते. ३०-३२ दिवसांचा गाभणकाळ संपत आला की ती तोंडात वाळलेलं गवत भरभरून आणायला लागते. मग स्वतःच्या छातीवरचे, पोटावरचे केस उपटून त्या गवतात मिसळते. या दिवसांत शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि केस मुळातूनच सैल होतात, म्हणून ते सहज निघतात. एकाच कृतीत दोन कामं होतात: पिल्लांना ऊबदार गोधडी मिळते आणि सड मोकळे होतात.

पण केस ऊब टिकवतात, तयार करत नाहीत. ऊब तयार होते पिल्लाच्या अंगात, दोन खांद्यांच्या मधोमध. तिथे तपकिरी चरबीचा साठा असतो, पिल्लाच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के. ऑक्सफर्डमध्ये डॉकिन्स आणि हल या दोघा संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिलं की थंडी लागली की नवजात ससा कुडकुडत नाही, ही चरबी जाळतो. साधी चरबी इंधन साठवून ठेवते. तपकिरी चरबीच्या पेशी मात्र ते जाळून थेट उष्णता निर्माण करतात, आणि खांद्यांमधून निघालेलं गरम रक्त अंगभर फिरतं. माणसाचं तान्हं बाळही अशीच चरबी घेऊन जन्मतं. मला या साऱ्या विषयातलं हे सर्वांत मोठं नवल वाटतं: तळहातावर मावेल एवढ्या जिवाला निसर्गाने पाठीवर शेगडी देऊन पाठवलं आहे.

या शेगडीतलं इंधन मर्यादित असतं. म्हणून पिल्लं एकमेकांना चिकटून ढीग करतात. एकट्या पिल्लाचं सगळं अंग हवेला लागतं, ढिगातल्या पिल्लाचं थोडंच. ढीग स्थिरही राहत नाही. पिल्लं सतत एकमेकांवर चढतात, खाली घुसतात, मधली जागा शोधतात. ज्यांना मध्यभागी अधिक वेळ मिळतो ती जास्त उबदार राहतात आणि वजनही चांगलं धरतात.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थक्क झालो. रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टेल या संशोधकांनी घरट्यातल्या पिल्लांचं बारकाईने निरीक्षण केलं. आई यायच्या सुमारास, ती येण्याआधीच, पिल्लांची चुळबुळ सुरू होते. ती गवत-केसांच्या थरातून वर येतात आणि उघडी होऊन वाट बघतात. मिटल्या डोळ्यांनी, अंधारात, त्यांना वेळ कळते! शरीरातलं घड्याळ त्यांना जागं करतं. आई येऊन उभी राहिली की काही सेकंदांत सड सापडतो. त्यामागे आहे वास. फ्रान्समधल्या दिजाँच्या बेनुआ शाल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सशाच्या दुधातला तो एक रेणू शोधून काढला. त्याचा नुसता वास आला तरी नवजात पिल्लू तोंड पुढे करून शोधू लागतं. या काही मिनिटांत ते स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत दूध पिऊ शकतं. गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के स्निग्धांश असतो, सशाच्या दुधात १२ टक्क्यांच्या आसपास. आई गेली की सगळी पिल्लं जवळजवळ एकदमच लघवी करतात, ती वरच्या थरावरच, आणि मग पुन्हा खाली कोरड्या उबेत शिरतात.

हे सगळं माहीत असलं की ससे पाळणाऱ्याचं काम सोपं होतं. गाभणकाळाच्या साधारण २८व्या दिवशी पिंजऱ्यात खोका ठेवायचा, कोरड्या मऊ गवताने भरलेला. कापूस किंवा लांब दोरे नकोत, पिल्लांच्या पायांना गुंडाळले जातात. खोक्याचा उंबरा थोडा उंच हवा, कारण सडाला लोंबकळलेलं पिल्लू आईबरोबर बाहेर ओढलं जातं आणि तिथेच गारठून मरतं. पहिलटकरीण कधी केसच काढत नाही, कधी खोका सोडून पिंजऱ्याच्या जाळीवर विते. अनुभवी पाळणारे म्हणूनच इतर घरट्यांतले जास्तीचे स्वच्छ केस पिशवीत जपून ठेवतात.

गार पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी ऊब द्या, ओंजळीत धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही, म्हणून पाजण्याची घाई नको. अंग गरम झालं की त्याला ढिगाच्या मधोमध ठेवा. उलट विदर्भातल्या मे महिन्यात पिल्लं दूरदूर पसरून धापा टाकताना दिसली तर वरचे केस कमी करा. ढीग घट्ट आहे की सैल, हे बघूनच तापमान कळतं.

रोज एकदा, हात धुऊन, पिल्लं मोजा. मेलेलं पिल्लू आणि ओलं गवत काढून टाका. सरावलेली आई हात लागला म्हणून पिल्लं टाकत नाही. दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्यानंतरही चिकटलेले राहिले तर कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसा आणि पशुवैद्याला दाखवा.

आणि एक विनंती. आई दिवसभर खोक्याकडे फिरकली नाही म्हणून पिल्लं उचलून बाटलीने दूध पाजायला बसू नका. आधी पोटं बघा. पातळ कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा दिसत असेल, पोट गोल असेल, तर ती येऊन गेली आहे. पोट खपाटीला गेलेलं आणि कातडी सुरकुतलेली असेल, तरच मदतीची वेळ आली आहे.